पडद्यावर आपण कोठें आहों ?

धानाची कापणी व मळणी आटोपली, घरांत चार पैसे आले आणि दिवाळी सरली, म्हणजे आपल्या झाडीपट्टींत नाटकांचे दिवस सुरू होतात. गांवोगांव मंडई भरते, कोठें शंकरपट होतो, आणि त्याच रात्रीं गांवाबाहेरच्या मोकळ्या शेतांत नाटकाचा मंडप उभा राहतो. लेकी माहेरीं येतात, सोयरेधायरे मुक्कामास येतात, आणि रात्रीं दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पूर्वेस तांबडें फुटेपर्यंत मिटत नाहीं.

गेल्या हिंवाळ्यांत अशाच एका प्रयोगास मी गेलों होतों. दुसरा अंक संपून पडदा पडला असतां शेजारीं बसलेल्या आमच्या एका विद्यार्थ्यानें खिशांतून मोबाईल काढिला, आणि त्यांत आधींच उतरवून ठेवलेली एक परदेशी मालिका तो पाहूं लागला. मीं डोकावून पाहिलें. 'मनी हाइस्ट' या नांवानें जगभर गाजलेली, स्पेन देशांतील दरोडेखोरांची ती कथा होती. तांबडे पोशाख घातलेलीं तीं माणसें अस्खलित हिंदी बोलत होतीं.

"सर, हे लोक खरेंच हिंदी बोलतात काय?" त्यानें विचारिलें.

मीं सांगितलें कीं नाहीं, ते स्पॅनिश बोलतात. हिंदी आवाज मागाहून घातलेला आहे. तो क्षणभर थांबला व रंगमंचाकडे बोट दाखवून म्हणाला, "मग आपलें हें नाटक तिकडे कोणी पाहत असेल काय?"

इतक्यांत तिसऱ्या अंकाची घंटा झाली आणि उत्तर देण्याचें राहून गेलें. प्रश्न मात्र मनांत घर करून बसला. स्पेनची गोष्ट वैनगंगेच्या कांठीं येते. वैनगंगेच्या कांठची गोष्ट स्पेनला कां जात नाहीं? विद्यार्थिमित्रहो, त्या राहिलेल्या उत्तराचा आज येथें थोडा विचार करूं.

प्रथम आपल्या रंगभूमीकडेच पाहूं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांतील दाट झाडीच्या मुलुखास झाडीपट्टी असें म्हणतात. दंडार, खडी गंमत, दंडीगान अशा जुन्या लोककलांच्या मुळांवर येथील नाटक वाढलें. गडचिरोली जिल्ह्यांतील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें त्याचें मुख्य ठाणें होय. नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्या तेथें आहेत. हंगामापूर्वीं गांवोगांवचीं मंडळें तेथें जातात. कोणतें नाटक, कोणते नट, कोणती तारीख हें ठरवितात, विसार देतात, आणि गांवीं परत येऊन तिकिटें विकतात. नफा झाला तर मंडळाचा, आणि तोटा आला तरी तोही मंडळाचाच.

या व्यवहारांत एक मोठें मर्म आहे. येथें प्रेक्षक हा केवळ पाहणारा नाहीं, तो धनी आहे. दारूनें उध्वस्त झालेलें घर, हुंड्यापायीं अडलेलें लग्न, भावाभावांतील शेताचा वाद, सावकाराचें कर्ज, हे विषय रंगमंचावर येतात, कारण ते समोर बसलेल्या माणसाच्या घरांत घडत असतात. नाटक पसंत पडलें नाहीं, तर पुढच्या वर्षीं विसार दुसऱ्या मंडळीस जातो. या रंगभूमीची सेवा करणारे गडचिरोली जिल्ह्यांतील कलावंत श्री. परशुराम खुणे यांस भारत सरकारनें इ.स. २०२३ मध्यें पद्मश्री दिली. पांच हजारांहून अधिक प्रयोग व सुमारें आठशें भूमिका एवढें त्यांचें कार्य आहे. हा मान जसा त्यांचा, तसाच रात्र रात्र थंडींत कुडकुडत बसणाऱ्या प्रेक्षकांचाही आहे.

आतां मोबाईलच्या त्या लहान पडद्याकडे वळूं. नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीनें इ.स. २००७ मध्यें चित्रपट तारेवाटे घरोघर पोंचविण्यास प्रारंभ केला. ती हिंदुस्थानांत जानेवारी २०१६ मध्यें आली, व त्याच वर्षाच्या अखेरीस प्राइम व्हिडिओ ही दुसरी सेवा आली. या पद्धतीस स्ट्रीमिंग म्हणतात. चित्रपट दूरच्या संगणकांत सांठविलेला असतो, आणि आपण मागणी केली म्हणजे त्याचे बारीक बारीक तुकडे एकामागून एक आपल्या यंत्राकडे वाहत येतात. झऱ्याचें पाणी ओंजळींत घेऊन प्यावें, तसें तें आपण येईल तसें पाहत जातों.

परंतु जुन्या चित्रपटगृहांत व या पद्धतींत एक मोठा भेद आहे. चित्रपटगृहाचा मालक तिकिटें मोजी; आंत बसलेला मनुष्य केव्हां हंसला, केव्हां झोंपला आणि केव्हां उठून गेला, हें त्याच्या वहींत लिहिलें जात नसे. स्ट्रीमिंगची वही सर्व कांहीं लिहिते. कोणी काय लावलें, कितव्या मिनिटास बंद केलें, कोणती भाषा निवडली, याची नोंद होते. त्या नोंदीवरून उद्यां तुमच्यापुढें काय मांडावें हें यंत्र ठरवितें, आणि पुढें कोणत्या कथेवर पैसा घालावा हें कंपनीही पुष्कळसें त्याच नोंदीवरून ठरविते.

परभाषेंतील कथा आपल्यापर्यंत आणण्याचे मार्ग दोन. एक, पात्रांच्या मुखीं दुसऱ्या भाषेचा आवाज घालणें, म्हणजे डबिंग. दुसरा, चित्राखालीं अनुवादाच्या ओळी उमटविणें, म्हणजे सबटायटल. दोहोंसही खर्च येतो, म्हणून कंपनी आधीं वही उघडून पाहते कीं या भाषेचे प्रेक्षक किती. आणि येथेंच आपल्यासारख्यांचें गाडें अडतें. भामरागडकडील माडिया मुलगा मालिका पाहावयास बसला, तर भाषांच्या यादींत त्यास गोंडी सांपडत नाहीं. तो निरुपायानें हिंदी निवडतो. वहींत नोंद होते, एक हिंदी प्रेक्षक वाढला. जी भाषा यादींत नाहीं ती कोणी निवडूं शकत नाहीं, आणि जी कोणी निवडीत नाहीं ती यादींत येत नाहीं. हें चक्र असें फिरत राहतें, आणि माणूस पडद्यासमोर बसलेला असूनही मोजणींत मात्र नसतो.

हें दुःख आपल्याच वांट्यास आलें आहे असें मात्र नव्हे. ज्या स्पॅनिश भाषेच्या मालिकेनें आपण आरंभ केला, तिच्याच लोकांची अमेरिकेंतील कथा ऐकण्याजोगी आहे. मेक्सिको, क्यूबा, पोर्तो रिको इत्यादि स्पॅनिश बोलणाऱ्या प्रदेशांशीं ज्यांचें कुळमूळ जोडलेलें आहे, असे लोक अमेरिकेच्या इ.स. २०२० च्या शिरगणतींत ६ कोटी २१ लक्ष भरले. म्हणजे शेंकडा १८.७, जवळजवळ पांचांत एक. एवढा मोठा समाज तिकिटें काढतो, वर्गणी भरतो; परंतु कथेचा नायक होण्याचा मान त्यांतील फार थोड्यांस मिळतो, आणि पडद्यावर दिसलाच तर मोलकरीण, माळी किंवा अफूगांजाचा चोरटा व्यापारी म्हणून दिसतो, ही त्याची जुनी तक्रार आहे.

इ.स. २०१७ मध्यें नेटफ्लिक्सवर 'वन डे ॲट अ टाइम' ही मालिका आली. लॉस एंजेलिस शहरांत राहणाऱ्या एका क्यूबन वंशाच्या कुटुंबाची ती गोष्ट. आजी, आई व दोन मुलें यांचें साधें घर. घरांत स्पॅनिश व इंग्रजी यांची सरमिसळ. ज्यांस आपलें घर पडद्यावर कधीं दिसलें नव्हतें, त्यांस ती प्राणाहून प्रिय झाली. परंतु तीन भागांनंतर, इ.स. २०१९ मध्यें, पुरेसे लोक पाहत नाहींत असें सांगून कंपनीनें ती थांबविली. प्रेक्षकांनीं मोठा गलबला केला, तेव्हां दुसऱ्या एका दूरचित्रवाणी वाहिनीनें ती हातीं घेतली व पुढचा भाग २०२० मध्यें दाखविला. प्रेम मोठें असलें तरी वहींतील आंकडा लहान असला म्हणजे काय होतें, आणि प्रेक्षक बोलूं लागले म्हणजे काय होऊं शकतें, या दोन्ही गोष्टी या एका उदाहरणांत दिसतात.

याहून बोधप्रद कथा 'रोमा' या चित्रपटाची. मेक्सिकोचे दिग्दर्शक आल्फोन्सो क्वारोन यांनीं तो २०१८ मध्यें केला व तो नेटफ्लिक्सनें जगभर दाखविला. एका मध्यमवर्गीय कुटुंबाच्या घरीं काम करणारी एक आदिवासी मुलगी ही त्याची नायिका. घरधन्याशीं ती स्पॅनिश बोलते, आणि आपल्या मैत्रिणीशीं मिश्तेक या आपल्या मूळ भाषेंत. ही भूमिका यालित्सा आपारिसिओ या तरुणीनें केली. ती नटी नव्हती. नुकतेंच शिक्षिकेचें शिक्षण पुरें केलेली लहान गांवची मुलगी होती. मिश्तेक तिच्या पूर्वजांची भाषा, परंतु तिला ती येत नव्हती. भूमिकेसाठीं ती तिला शिकावी लागली. आणि पुढें ऑस्कर पारितोषिकासाठीं सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून तिचें नांव सुचविलें गेलें. वाडवडिलांची जी भाषा घरांत मागें पडली होती, तीच जगाच्या कानांवर पडली.

याच चित्रपटाच्या बाबतींत दुसरी एक गंमत घडली. स्पेनमध्यें दाखवितांना कंपनीनें मेक्सिकन स्पॅनिश संवादांखालीं स्पेनच्या स्पॅनिशमध्यें ओळी घातल्या. पात्राच्या तोंडीं आईला हांक मारण्याचा एक घरगुती शब्द, तर खालीं त्याच्या जागीं दुसरा, ग्रांथिक शब्द! आपल्याकडे नटीनें 'माय' म्हणावें आणि खालीं 'आई' असें उमटावें, तसाच हा प्रकार. क्वारोन यांनीं याचा जाहीर निषेध केला, आणि जानेवारी २०१९ मध्यें कंपनीनें त्या ओळी काढून टाकिल्या. भाषा एकच असली तरी तिच्यांत मानाची व बिनमानाची अशी प्रतवारी लावली, तर ती बोलणाऱ्यास किती लागतें हें यावरून ध्यानांत यावें.

आतां आपल्या रानाकडे परत येऊं. आपण पडद्यावर मुळींच नाहीं असें नाहीं. इ.स. २०१४ मध्यें दिग्दर्शिका समृद्धि पोरे यांनीं डॉ. प्रकाश आमटे यांच्या चरित्रावर मराठी चित्रपट काढिला. नाना पाटेकर यांनीं त्यांत मुख्य भूमिका केली. हेमलकसा येथें १९७३ मध्यें सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचें कार्य त्यामुळें घरोघर पोंचलें, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु चरित्र डॉक्टरांचें असल्यामुळें त्यांतील माडिया माणूस बहुधा रोगी म्हणून, उपकृत म्हणून दिसतो. हा चित्रपटाचा दोष नव्हे. तथापि ज्या माडिया बाईनें त्या परक्या डॉक्टराकडे प्रथम साशंक नजरेनें पाहिलें असेल, तिच्या बाजूची गोष्ट अजून सांगावयाची राहिली आहे, एवढें खरें.

इ.स. २०१७ मधील 'न्यूटन' हा अमित मसूरकर यांचा हिंदी चित्रपट दंडकारण्यांतील एका मतदान केंद्राची कथा सांगतो. अवघे ७६ मतदार, आणि त्यांचें मत घेण्यासाठीं रानांत गेलेला एक हट्टी कारकून! त्या वर्षीं ऑस्करसाठीं भारतातर्फें तोच पाठविला गेला. त्यांत मलको नांवाची स्थानिक शिक्षिका आहे. तिला गोंडी येतें, आणि तिच्यावांचून सरकारी माणसें व गांवकरी यांस एकमेकांचें बोलणें कळत नाहीं. ही भूमिका नाशिककडील मराठी अभिनेत्री अंजली पाटील यांनीं केली. याच दिग्दर्शकांचा 'शेरनी' २०२१ मध्यें चित्रपटगृहांत न जातां एकदम प्राइम व्हिडिओवर आला. वाघीण, खेडूत आणि वनखातें यांच्या ओढाताणीची ती गोष्ट मध्यप्रदेशच्या रानांत चित्रित झाली. पण ताडोबाच्या भोंवतालच्या गांवांत जो राहतो त्यास ती परकी वाटणार नाहीं.

असे चित्रपट पाहिल्यावर मनास तीन प्रश्न विचारण्याची संवय लावून घ्यावी. पडद्यावर आपण दिसतों काय? दिसतों तर आपण बोलतों काय, कीं आपल्याविषयीं दुसराच बोलतो? आणि बोलतों तर कोणत्या भाषेंत? पहिल्या प्रश्नास 'होय' असें उत्तर आतां पुष्कळदां येतें, दुसऱ्यास क्वचित्, आणि तिसऱ्यापाशीं आपण बहुधा थबकतों.

गोंडीचीच स्थिति पाहा. इ.स. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें गोंडी ही मातृभाषा सांगणारे लोक २९ लक्ष ८४ हजारांवर होते. तरी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील २२ भाषांत गोंडी नाहीं. बोडो व संथाळी या भाषांस तेथें २००३ मध्यें स्थान मिळालें. गोंडी ही तेलुगु, तमिळ यांच्या द्राविड कुळांतील, परंतु ती बोलणारे अनेक राज्यांत विखुरलेले. म्हणून ती कोठें देवनागरींत तर कोठें तेलुगु लिपींत लिहितात. तिच्या स्वतःच्या लिपीही आहेत. मुनशी मंगलसिंग मसराम यांनीं १९१८ मध्यें एक लिपि तयार केली. दुसरी तेलंगणांतील गुंजाळा या गांवच्या जुन्या हस्तलिखितांत सांपडली. जगांतील संगणकांस सर्व लिपींचीं अक्षरें समजावीं म्हणून युनिकोड नांवाची जी व्यवस्था आहे, तींत मसराम लिपि २०१७ मध्यें व गुंजाळा लिपि २०१८ मध्यें घेतली गेली. म्हणजे गोंडी संवादांखालीं गोंडी अक्षरांत ओळी उमटविण्यास यंत्राची हरकत आतां उरली नाहीं. उणीव आहे ती लिहिणाराची, आणि तशी मागणी करणाराची.

झाडीबोलीची गोष्ट निराळी, पण दुःख तेंच. या बोलींत 'ण' व 'ळ' हे वर्ण नाहींत. पाण्यास ती 'पानी' म्हणते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं तिच्या अभ्यासास आयुष्य वाहिलें व ती अशुद्ध मराठी नसून नियमबद्ध बोली आहे, हें दाखवून दिलें. पण स्ट्रीमिंगच्या यादींत 'मराठी' हा एकच शब्द असतो. त्यांत पुणें आणि पवनी, ठाणें आणि ठाणेगांव सारीं एकाच मापानें मोजलीं जातात. आणि दोष केवळ परक्यांचाच नाहीं. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकांतही नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात, आणि बोली पुष्कळदां विनोदी पात्राच्या वांट्यास येते. आपल्या आजीचें बोलणें रंगमंचावर ऐकून आपण हंसतों; त्या बोलींत कोणी रडलें, रागावलें किंवा न्याय मागितला, असें किती वेळां पाहिलें आहे? जी भाषा आपणच हंसण्यापुरती ठेविली, ती दुसऱ्यानें गंभीरपणें घ्यावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी?

मग उपाय काय? कंपन्यांच्या दारीं अर्ज करीत बसणें हा एक मार्ग आहे, परंतु तो लांबचा. जवळचा मार्ग छत्तीसगढांत लोकांनीं चोखाळून दाखविला आहे. शुभ्रांशु चौधरी या पत्रकारांनीं २०१० मध्यें 'सीजीनेट स्वर' नांवाची टेलिफोनची सेवा सुरू केली. साध्या टेलिफोनवरून आदिवासी मनुष्यानें गोंडींत किंवा हिंदींत आपली बातमी, तक्रार वा गाणें सांगावें, तें तपासून इतरांनीं टेलिफोनवरच ऐकावें, अशी ती योजना. त्यास ना वर्तमानपत्र लागलें, ना लिहितां येण्याची अट. हातपंप नादुरुस्त असल्याची, मजुरी न मिळाल्याची वार्ता लोकांनीं स्वतःच्या मुखानें सांगितली, आणि ती ऐकून काम झाल्याचींही उदाहरणें आहेत. तेथें ऐकणारा आणि बोलणारा निराळे नव्हते. वडशाच्या मंडपांत प्रेक्षक आणि धनी जसे निराळे नाहींत, तसेंच हें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आज मोबाईल आहे, आणि त्यांत चित्र व आवाज टिपण्याची सोय आहे. येत्या सुटींत एक काम करा. आजीआजोबांजवळ बसा, आणि त्यांच्या तोंडून रानाची एक हकीकत, एक कहाणी किंवा मोहफुलें वेंचण्याची रीत त्यांच्याच बोलींत टिपून घ्या. मग ती शब्दाशब्दानें लिहून काढा, आणि त्याखालीं प्रमाण मराठींत अर्थ द्या. सबटायटल लिहिणारा याहून वेगळें कांहींच करीत नाहीं. त्यांत जे शब्द तुम्हांस अडतील, ते आजीस विचारा. आज तिला विचारतां येतें, हें भाग्य कायमचें नाहीं.

आणि पालकांस एक विनंति. मूल घरची बोली बोललें म्हणून चारचौघांत त्याचा कान धरूं नका. शाळेंत प्रमाण मराठी, हिंदी, इंग्रजी अवश्य शिकूं द्या. तीं पोट भरतील आणि जग दाखवितील. परंतु त्यासाठीं पहिली भाषा विसरावी लागते हा समज खोटा आहे. यालित्सास आपल्या पूर्वजांची भाषा मोठेपणीं भूमिकेसाठीं शिकावी लागली. आपल्या मुलांस ती आज घरींच फुकट मिळत आहे.

त्या रात्रीं नाटक सुटलें तेव्हां उजाडलें होतें. घोंगड्यांच्या घड्या करून लोक आपआपल्या वाटेस लागले. तो विद्यार्थी मला पुन्हां मंडपाच्या दाराशीं भेटला, पण झोंपेनें त्याचे डोळे मिटत होते, म्हणून मीं कांहीं बोललों नाहीं. त्याच्या प्रश्नाचें माझें उत्तर आतां हें आहे: बाळा, आपलें नाटक तिकडे अजून कोणी पाहत नाहीं, कारण तें कोणी तिकडे पाठविलेलेंच नाहीं. पाठविणारा कोण असावा याचा विचार मी करीत होतों, तेव्हां मोबाईल तुझ्याच हातांत होता.